एकतीस तारखेचा निरोप

गौस : ‘हुकूम हातात पडला की पहिली पायात चप्पल. चहा माघारी आल्यावर.’ शंकरप्पा साहेब ट्रेझरीत हरेक नव्या पोराला ह्येच सांगायचं. मी शिपाई, तरी मलाबी सांगितलं. मी म्हटलं, साहेब, चहा आणणाराच मी, मग मी काय करू? तर म्हणलं, गौस, तू समद्यांस्नी चहा दे आन् मग चप्पल घाल.

सुष्मिता : मामंजींना मी बघितलंच नाही, काका. आमच्या लग्नाच्या आधी वर्षभर ते गेले. असते तर मलाही सांगितलं असतं.

गौस : सांगितलं न्हवं, हाताला धरून हापिसात नेऊन बसवलं असतं.

रुद्राणी : चहा घ्या गौसभाऊ. निवतोय.

सुष्मिता : आत्ती, तुम्ही पण बसा. काम तुमच्या दोघांचं आहे. आधी ही माझी पगाराची चिठ्ठी बघा.

रुद्राणी : मला काय कळतंय गं त्यातलं.

सुष्मिता : कळेल. इथं. मूळ पगाराच्या दहा टक्के कपात, या महिन्यापासून. तेवढेच सरकार घालणार, आणि ते सगळं मिळून कुठंतरी गुंतवणार. मी निवृत्त होईन तेव्हा त्याचं जे काही झालं असेल ते माझं. किती होईल, ते कुणी सांगत नाही.

गौस : म्हंजे आमच्यासारखी म्हैन्याच्या म्हैन्याला ठरल्याली पेन्शन न्हाय?

सुष्मिता : नाही. एक नोव्हेंबर दोन हजार पाचपासून जे नोकरीत आले, त्यांना नाही. मी सात तारखेला हजर झाले.

गौस : आठवड्यानं चुकलं की वो.

सुष्मिता : तीन वर्षं नुसतं ऐकत होतो, होणार होणार. काहीजण म्हणायचे, निवडणूक आली की मागं घेतील. आता कपातच सुरू झाली म्हटल्यावर विषय संपला.

रुद्राणी : गौसभाऊ, पण एवढं मोठं सरकार. त्याला एका पोरीची पेन्शन जड झाली?

गौस : एका पोरीची न्हवं, वैनी. साहेब रिटायर व्हायच्या आदल्या वर्षाची गोष्ट सांगतो. बिलांचा गठ्ठा एवढा, आन् वरनं सांगावा, हळूहळू सोडा. साहेब मला म्हणलं, गौस, आपला पगार कर्जातनं होतोय. कर्जाचं व्याज भागवाया परत कर्ज. आन् पयल्यांदा माणूस रिटायर झाला की पाच-सात वर्सांत जायचा. आता ऐंशी-ऐंशी वर्सांची माणसं हयातीचा दाखला द्याया येत्यात, तीबी चालत येत्यात. देव त्यास्नी आणखी आयुष्य देऊ दे, पण एक ना एक दिवस ह्यो दोर कुठंतरी कापावा लागणार. जे आत हैत त्यांचा कापता येत न्हाय. जे दारात उभं हैत, त्यांचा कापतील.

सुष्मिता : मी दारातच होते.

रुद्राणी : त्यांच्या माघारी मला पेन्शन येती. तीबी त्या कर्जातनंच?

गौस : तुमची, माझी, समद्यांचीच. आमची बिबीजान म्हणती, तुमच्यापेक्षा तुमची पेन्शन बरी, टायमाला घरी येती.

सुष्मिता : काका, कर्ज आवरायला पाहिजे हे मलाही कळतं. मी बी.कॉम. आहे. पण आवरायचं होतं तर जाहिरात दिली तेव्हा सांगायचं. जाहिरात जुन्या बोलीवर, परीक्षा जुन्या बोलीवर, निवड जुन्या बोलीवर. नेमणुकीचा हुकूम चोवीस ऑक्टोबरचा, त्यात लिहिलंय तीस दिवसांत हजर व्हा. आणि एकतीसला निर्णय काढला, दुसऱ्या दिवसापासून लागू. दिवाळीत.

गौस : दिवाळीत आन् आमच्या रमजानात.

सुष्मिता : आणि यांच्या फौंड्रीचं माहीतच आहे. फर्नेस बंद केली, शंभर माणूस घरी. आता हे रोजंदारीवर जातात. अठ्ठावन्नाव्या वर्षी यांना कारखान्याची पेन्शन बसणार म्हणे, ती महिन्याच्या लाइट बिलाला पुरली तरी पुष्कळ. म्हणून म्हटलं होतं, निदान माझी तरी पक्की असेल.

रुद्राणी : सोमूनं तसं मलाबी बोलून दाखवलं होतं. म्हणाला, अव्वा, हिच्या जिवावर म्हातारपण काढू.

सुष्मिता : तर आता ऐका. आमच्या संघटनेनं, हुकूम आधीचा पण हजेरी नंतरची अशा सगळ्यांची यादी केलीय. सोमवारी अकरा वाजता वरचे साहेब येणार आहेत, एकेकाचं ऐकून घेणार, आणि वर अहवाल पाठवणार. हा माझा अर्ज. संघटनेच्या माणसानंच लिहून दिलाय. तुम्ही दोघांनी खाली सही करायची.

गौस : वाचा की. चष्मा आणला न्हाय.

सुष्मिता : ‘मी दिनांक ३१ ऑक्टोबर २००५ रोजी दुपारी चार वाजता हजर होण्यासाठी कार्यालयात गेले होते. तथापि वरिष्ठ लिपिक जोतीराम यांनी दिवाळीनंतर या असे सांगून मला परत पाठविले. याची माहिती माझ्या सासूबाई रुद्राणी व आमचे परिचित गौस, निवृत्त शिपाई, यांना त्याच दिवशी होती.’

रुद्राणी : तू त्या दिवशी गेली होतीस?

सुष्मिता : नाही. पण तसं लिहिल्याशिवाय उपयोग नाही, म्हणाले. नुसता हुकूम आधीचा असलेले पुष्कळ आहेत. गेले होते आणि घेतलं नाही, असं असेल तर वजन पडतं.

गौस : आता मी पेचात पडलो. तुमी गेला न्हवता? मला तर वाटत हुतं, गेला असाल, घेतलं नसंल.

सुष्मिता : मला कसं कळणार काका, की जायला पाहिजे? दुसऱ्या दिवशी बातमी फुटली तेव्हा कळलं.

गौस : दुसऱ्या दिवशी? मी आलतो की वो सांगाया. त्याच दिवशी.

सुष्मिता : कुठं आला होता?

गौस : हितंच. ह्याच दारात. मी तवा नोकरीतच हुतो. मुंबईस्नं ट्रेझरीच्या नव्या साहेबांस्नी फोन आलता, आज सह्या हुणार, उद्यापास्नं नव्या माणसाला पेन्शन न्हाय. मला तुमची आठवण झाली. रोजा हुता, जीभ टाळ्याला चिकटल्याली, तशी सायकल मारत आलो. तीनचा सुमार. वैनी दारात रांगोळीचं काय तर करत हुत्या. म्हटलं, सुनबाईला म्हणावं आत्ताच्या आत्ता जाऊन हजर हो, पाचच्या आत. वैनींनी मान हलवली. सोमवार, त्यांचं मौन, मला काय ते नवं न्हाय. मीबी मग थांबलो न्हाय.

सुष्मिता : आत्ती.

रुद्राणी : व्हय.

सुष्मिता : काका आले होते?

रुद्राणी : आले होते. सांगून गेले. त्यांचं ओठ सुकलेलं मी बघितलं, पण रोजाच्या माणसाला पाणी विचारता येत न्हाई. ते गेल्यावर मी रांगोळीचा डबा आत ठेवला.

सुष्मिता : मी त्या वेळी कुठं होते?

रुद्राणी : मागं. चकल्या तळत होतीस. मी मोजलीत नंतर. दारापासनं चुलीपर्यंत वीस पावलं.

सुष्मिता : वीस पावलं.

रुद्राणी : सोमू लहान असताना टायफॉइडनं आडवा झाला, तेव्हा देवाला बोलले होते. ह्याला उठव, दर सोमवारी दिवा लागेपर्यंत मौन पाळीन. तेव्हापासनं एक सोमवार चुकला नव्हता. बाळंतपणाला माहेरी आलेल्या नणंदेच्या कळा सुरू झाल्या तरी मी शेजारणीच्या दारावर थाप मारली होती, पण तोंड उघडलं नव्हतं. लोक नावाजायचे. जंगमस्वामी म्हणाले होते, असं पाळणारी लाखात एखादी.

गौस : ते खरं हाय वो वैनी.

रुद्राणी : तेच वाईट झालं, गौसभाऊ. त्या दिवशी मला देव आठवला न्हाई. एवढ्या वर्षांचा आकडा आठवला. म्हटलं, दिवा लागला की सांगू. कागदाचं काम, एका दिवसानं काय होतंय. पाडव्यानंतर जायचं ठरलं होतंच. आणि खरं सांगायचं तर घाणा अर्धा झाला होता, तो तसाच टाकून तू जाशील, तेबी मनात आलं.

सुष्मिता : लिहून दाखवायचं होतं. दारावर थाप मारता येत होती तुम्हाला, तर मला हाताला धरून उठवता आलं नसतं?

रुद्राणी : आलं असतं. मौन तोंडाचं होतं, हात मोकळेच होते. म्हणून तर म्हणते, व्रताचं नाव सांगून मी सुटू शकत न्हाई.

सुष्मिता : आणि दिवा लागल्यावर?

रुद्राणी : दिवा लागला तेव्हा सव्वासहा झाले होते. तू चकल्यांचा डबा दाखवायला आलीस. पहिल्यांदाच काटेरी झाल्या होत्या, खुशीत होतीस. म्हटलं, आता सांगून उपयोग न्हाई, सणाचं पोरीला कशाला रडवा. मग पाडवा झाला. मग भाऊबीज झाली. मग तू नोकरीला लागलीस, पेढे वाटलेस. रोज सकाळी पूजेला तळहातावर इष्टलिंग घेते आणि पहिलं तेच डोळ्यांपुढं येतं. तीन वर्षं.

सुष्मिता : मी या घरात तीन वर्षं म्हणतेय, माझं नशीब. आईला म्हटलं, नशीब. ऑफिसात म्हटलं, नशीब. तुम्ही भाजी निवडत ऐकत होता.

रुद्राणी : ऐकत होते.

गौस : चूक माझीबी हाय. मी आत यून सांगाया पाहिजे हुतं. मौनाच्या माणसाजवळ निरोप ठेवून गेलो. साहेब असतं तर मला तिथंच झापलं असतं.

सुष्मिता : काका, तुम्ही काही बोलू नका. तुम्ही उपाशीपोटी सायकल मारत आलात. आत्ती, झालं ते झालं. आता हा अर्ज घ्या, हे पेन. सही करा.

रुद्राणी : ह्यात खोटं हाय.

सुष्मिता : आहे. तुमच्यामुळं लिहायला लागलं. एक दिवस तुम्ही गप्प बसलात, त्याला मी तीस वर्षं भोगणार. तुम्ही फक्त एक सही करायची. एवढं तर माझं लागता की नाही तुम्ही?

रुद्राणी : लागते. सहीपेक्षा पुष्कळ जास्त लागते.

गौस : आना हिकडं, पयली मी करतो. निरोप दिलता हे तर खरं हाय की. चारला गेली आसं लिवलंय, ते जाऊ दे.

रुद्राणी : सुष्मिता, हे जोतीराम म्हंजे तेच का, पहिल्या दिवशी तुझा डबा घरी राहिला तर ज्यांनी आपल्यातली भाकरी दिली?

सुष्मिता : तेच.

रुद्राणी : त्यांना हे ठाऊक हाय?

सुष्मिता : संघटनेचा माणूस म्हणाला, त्यांना काही होत नाही. तोंडी विचारतील आणि सोडून देतील.

गौस : जोतीराम रिटायर कधी?

सुष्मिता : पुढच्या मे महिन्यात.

गौस : मग पेन ठेवतो मी.

सुष्मिता : काका.

गौस : पोरी, मी बत्तीस वर्सं ट्रेझरीच्या दारात स्टुलावर बसलोय. चौकशी लागली की पेन्शनचा कागद हलत न्हाय. ग्रॅच्युइटी आडकती. असली माणसं पायरीवर बसल्याली बघितल्यात मी, हातात पिशवी, पिशवीत अर्ज. एक मलकापूरचा मास्तर हुता. सरळ माणूस, कुणीतरी नाव घातलं म्हणून चार वर्सं फिरला. येताना आमच्यासाठी फणसाचं गरं आणायचा. सुटला तवा चालाय येत न्हवतं त्याला. संघटनावाल्याला म्हणावं, मे म्हैन्यात तू रिटायर हो आन् तुझं नाव घाल.

सुष्मिता : म्हणजे सगळ्यांची पेन्शन राहायला पाहिजे. तुमची, आत्तींची, जोतीरामभाऊंची. माझी सोडून.

रुद्राणी : तुझीबी राहायला पाहिजे होती. ती मी घालवली. आता दुसऱ्याची घालवून ती परत येत असंल, तर दर महिन्याला पैसे हातात पडताना तुला त्यांची भाकरी आठवंल. मला वीस पावलं आठवतात तशी.

सुष्मिता : मग काय करू मी? खरं सांगू? साहेब, माझ्या सासूबाईंचं मौन होतं? हसतील ते.

रुद्राणी : तू नको सांगूस. मी येते. हुकूम कधी आला, निरोप कधी आला, कुणाजवळ राहिला, ते मी सांगते. पोरगी निरोप मिळाला असता तर पळत आली असती, हेबी सांगते. त्यात माझी अब्रू गेली तर जाऊ दे.

सुष्मिता : तुम्ही येता? सोमवारी?

रुद्राणी : सोमवारी.

गौस : वैनी, श्रावणातला सोमवार हाय.

रुद्राणी : ठाऊक हाय मला.

गौस : न्हाय तर लिवून द्या की. सुनबाई दाखवंल कागद.

रुद्राणी : कागदाला साहेब काय विचारणार? आणि त्या दिवशीबी लिहून देता आलं असतं. न्हाई दिलं. आता लिहून सुटायचं न्हाई.

सुष्मिता : राहू दे, आत्ती. तुम्ही आज म्हणाल आणि सोमवारी माझ्यासमोर मान हलवत उभ्या राहाल. मला ती मान बघवणार नाही. तुमचं व्रत तुमच्याजवळ राहू दे. माझी मी एकटी जाते.

गौस : सुनबाई, आसं बोलू नका.

सुष्मिता : बोलते. आज शनिवार आहे, मी बोलू शकते. हा अर्ज फाडते, हे बघा. काका, चहा गार झाला, दुसरा करून आणते.

गौस : नको. निघतो मी. बिबीजान वाट बघत आसंल. वैनी, मला म्हायती असतं तर मी आज त्वांडातनं हे काढलं नसतं.

रुद्राणी : बरं झालं काढलं. तीन वर्षांत तुम्ही चार-पाचदा आलात. दर वेळी मला वाटायचं, आज ह्यांच्या तोंडातनं निघंल. निघालं न्हाई की मी सुटल्यासारखी चहा टाकायची.

(सोमवार. सकाळचे साडेनऊ. बाहेर रिपरिप.)

सुष्मिता : आत्ती, तुमची साबूदाण्याची खिचडी झाकून ठेवलीय. भगरही आहे. दूधवाला आला तर पैसे कोनाड्यात आहेत. तुम्ही नुसती मान हलवा, मला कळतं.

सुष्मिता : काल बोलले नाही तुमच्याशी दिवसभर. यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, डोकं दुखतंय. तुम्हीच सांगायचं तेव्हा सांगा त्यांना. मी नाही सांगणार.

सुष्मिता : अर्ज परत लिहिला मी, रात्री. जोतीरामभाऊंचं नाव नाही त्यात. जाहिरात कधीची, परीक्षा कधीची, हुकूम कधीचा, एवढंच. एकतीस तारीख घातलीच नाही. साहेबांनी विचारलं, हुकूम हातात असून बाई तुम्ही आठवडाभर घरी काय करत होता, तर काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. बघते तिथं गेल्यावर.

सुष्मिता : फार काही व्हायचं नाही यातनं. काकाही म्हणाले काल, वाटेत भेटले होते. म्हणाले, दोर कापलेला परत जोडताना त्यांनी कधी बघितला नाही. पण फायलीत आपलं म्हणणं तरी राहील. पुढं-मागं कुणी उघडली, तर दिसेल.

सुष्मिता : निघते मी.

रुद्राणी : थांब. दाराच्या मागची छत्री दे. काळी, त्यांची.

सुष्मिता : आत्ती.

रुद्राणी : एकतीस तारखेचं मी सांगते. तू मधे बोलू नकोस.

सुष्मिता : आत्ती, सोमवार आहे.

रुद्राणी : व्हय. पहाटे पूजा केली, सांगितलं. रागवायचं असंल तर माझ्यावर रागव म्हटलं. सोमूवर नको, तुझ्यावर नको. माझी चप्पल कुठं गेली?

सुष्मिता : ही इथं. थांबा, पुसून देते, ओली आहे. उपाशी आहात तुम्ही, तिथं किती वेळ बसायला लागेल सांगता येत नाही. चहा ठेवते, दोन घोट तरी घ्या.

रुद्राणी : चहा माघारी आल्यावर.